फेक शिकवणारे मामा

जगातला कुठलाही माणूस कुठलीही वस्तू फेकत असो, तो ती चुकीचीच फेकतो, असं आमच्या आत्याच्या यजमानांचं ठाम मत होतं. त्यांना मी मामा म्हणायचो आणि माझं ऐकून सगळं नांदेडही मामाच म्हणायला लागलं. मूळचे भोकरकडचे. ज्वारीच्या रानात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवण्यात बालपण गेलेलं. उतारवयात नांदेडला राहायला आले, गोदावरीकाठच्या मैदानावर आम्हाला क्रिकेट खेळताना बघून थबकले, ते थबकलेच. क्रिकेट त्यांना ओ का ठो कळत नव्हतं. रन कशाला म्हणतात हे त्यांनी कधी विचारलं नाही. ब्याट घेतलेला माणूस त्यांच्या लेखी कणसावर बसलेलं पाखरू, ते उडवायचं, संपलं. पण चेंडू टाकणाऱ्याचं मनगट दिसलं की म्हाताऱ्याच्या अंगात यायचं. "अरं, चेंडू टाकून राहिला का ढेकूळ? सुटायच्या येळेला बोटं निजली की तुझी!"

हे वेड मैदानापुरतं असतं तरी चाललं असतं. पण लग्नाला गेले तरी नवरानवरीकडं यांचं लक्ष नाही, अक्षता कोण कशा टाकतंय तेच बघायचे. एकदा भर मंगलाष्टकांत त्यांनी शेजारच्या व्याह्यांचा हातच धरला. "पाव्हणं, खांद्यातनं नका टाकू. मनगटातनं टाका, मनगटातनं!" व्याही रुसले, जेवेनात. त्यांना पाटावर बसवता बसवता वधूपित्याच्या नाकी नऊ आले. टपालवाल्यानं लांबूनच ओट्यावर पत्र फेकलं, तर मामांनी ते उचलून त्याच्या हातात परत दिलं आणि म्हणाले, "हां, आता नीट टाका." बिचाऱ्यानं तीनदा टाकलं. त्या पत्रात काय होतं ते मामांनी दुसऱ्या दिवशी बघितलं.

निजामाच्या राज्यातली ती शेवटची वर्षं. मी शाळेत गणिताचा मास्तर होतो, गणितही उर्दूतून शिकवायचं. संध्याकाळी वकील, कारकून आणि आम्ही मास्तर मिळून क्रिकेट खेळायचो. मी जलद गोलंदाज, म्हणून मामांची सगळ्यात जास्त माया माझ्यावर, आणि माया म्हणजे जाच. उजव्या हातानं पोहरा ओढायचा नाही. उजव्या कुशीवर निजायचं नाही. लातूरच्या सामन्याआधी आठ दिवस तर फळ्यावर डाव्या हातानं लिहायचं फर्मान निघालं. आमचे हेडमास्तर वर्गात आले, फळ्याकडं बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "मास्टरसाब, ये उर्दू है या मोडी?" मी कपाळाला हात लावला, तोही डावा.

मी चेंडू टाकायला धावलो की मामा कडेला उभं राहून, गोफणीचा दोर सोडायच्या वेळी ओरडतात तसे ओरडायचे, "सोऽऽड!" त्या हाकेवर माझा हात सुटायचा. विकेट पडली की तिच्यातली पाऊण मामांची, पाव माझी. चौकार बसला की तो सबंध माझा. ही वाटणी आमचे कप्तान वकीलसाहेब यांना सोसेना. एक दिवस ते सगळ्यांदेखत म्हणाले, "मामा, धावतो हा, चेंडू टाकतो हा. मग मध्ये आपण कोण? लातूरच्या सामन्यात साबित करा. आपल्या शिकवण्यानं फरक पडतो असं मला दिसलं तर खुशाल या. नाही दिसलं, तर परत मैदानावर यायचं नाही."

"हाव, कबूल," मामा म्हणाले. पण त्या रात्री ते जेवले नाहीत, असं आत्या म्हणाली. मूलबाळ नव्हतं, शेत वाट्यानं दिलेलं. मैदान गेलं तर या माणसानं दिवसभर करायचं काय, याची मला धास्तीच बसली.

लातूरला आधी तिथल्या संघाची ब्याटिंग आली. माझ्या तिसऱ्याच चेंडूला मामांचा "सोऽऽड!" इतका जोरात आला की समोरचा फलंदाज दचकून बाजूला झाला. अंपायर चालत मामांकडं गेले. "बड़े मियाँ, ये मैदान है, ज्वार का खेत नहीं. ज़रा उधर तशरीफ रखिए." मामा मान खाली घालून पार पलीकडच्या लिंबाखाली जाऊन बसले, लातूरच्या मंडळींत. त्यानंतर मी तीन विकेटी घेतल्या. वकीलसाहेब माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंत? मामा नाहीत, तरी पडतातच!" खरं सांगतो, विकेट घेऊन इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

मग आमची पाळी आली. लातूरचा गोलंदाज म्हणजे एक उंच, लाजरा तरुण. मागच्या वर्षी त्यानं निम्मे चेंडू वाइड टाकले होते, म्हणून आम्ही निर्धास्त. पहिल्याच चेंडूवर त्यानं वकीलसाहेबांची मधली दांडी उडवली. पुढं तर नुसती कत्तल! एकेक जण पाणी पिऊन यावं तसा जाऊन परत येतोय. मी बाद होऊन परतताना सहज लिंबाकडं बघितलं. तिथं मामा उभे होते, आणि तो तरुण धावला की आवाज न करता, नुसतं तोंड उघडून म्हणत होते, "सोड!"

आम्ही सपाटून हरलो. वकीलसाहेबांनी मामांना गाठलं. "मामा, तुम्ही त्याला शिकवलंत? दुश्मनाच्या गड्याला?"

मामा पोरासारखे ओशाळले. "काय करू वकीलसाहेब, लिंबाखाली हात मोकळा करत होता, बोटं लई निजत होती त्याची. लेकराचे हाल बघवंनात. जेवणाच्या सुट्टीत घटकाभर दावलं, बास."

वकीलसाहेब आधी लाल झाले, मग त्यांना हसू आवरेना. "साबित झालं, मामा! माझ्याच दांडीवर साबित झालं. उद्यापासून मैदानावर या. फक्त लातूरला यायचं नाही!" मामा मोठ्यानं हसले. मला तर हरल्याचा एवढा आनंद आयुष्यात झाला नव्हता.

नांदेडची सर्व्हिस मोटार सुटायच्या बेतात तो तरुण पळत आला. मामांच्या पाया पडला, चेंडू त्यांच्या हातात देऊन म्हणाला, "मामा, एकदा तुम्ही टाकून दावा की." मामांनी चेंडू बोटांत फिरवला. हात उचलला, तो छातीपर्यंत आला आणि तिथंच थांबला.

"माळा मोडला तवा खांदा निखळला, बाबा. अठराचा होतो. तवापासून वर जात न्हाई." तो तरुण गोरामोरा झाला. मामांनीच त्याला सावरलं. "अरं, हात वर गेला असता तर तुमच्याकडं ढुंकून तरी पाहिलं असतं का म्या? सोताच टाकत बसलो असतो सांज होईतवर."

सगळे हसले. मला मात्र गलबलून आलं. आत्या रोज त्यांच्या डोक्याला रुमाल बांधून द्यायची, ते मला नुसते लाड वाटायचे. इतकी वर्षं या माणसाकडून शिकलो आणि कधी विचारलंसुद्धा नाही. पुढं ते राज्य गेलं, मामाही गेले. लातूरहून परतताना त्या संध्याकाळी मोटारीत मी मुद्दाम त्यांच्या उजव्या अंगाला बसलो आणि वाटेतलं लोहा गाव येईपर्यंत त्यांचा तो हात माझ्या हातात धरून ठेवला. मामांनीही तो काढून घेतला नाही.