कापलेली कड

बाइंडरचा उजवा हात अलीकडे त्याचं ऐकेनासा झाला होता. पुठ्ठ्याला खळ लावता लावता तो आपोआप खिशाकडे जाई, फोन काढी, अंगठ्यानं चार वेळा पडदा सरकवी आणि फोन परत ठेवून देई. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. फोनवर खळीचे पापुद्रे धरले होते. "एकदाचा हाताला चिकटवूनच घ्या," बायको म्हणायची, "खळ तर घरचीच आहे."

तसा माणूस कामाला चोख. दवाखाना आणि काचसामानाचं दुकान यांच्या मधल्या अरुंद खोलीत तीस वर्षं तो फाटकी पुस्तकं शिवत आला होता. काम शिकवणाऱ्या उस्तादानं त्याला एक शिस्त लावून दिली होती. गिऱ्हाईक बोलायला लागलं की हातात पेन्सिल हवी. ते सांगेल ते चिठ्ठीवर लिहायचं, त्यालाच वाचून दाखवायचं आणि चिठ्ठी पुस्तकात खोचायची. ती चिठ्ठी बघितल्याशिवाय पुस्तकाला हात लावायचा नाही.

दोन वर्षांपूर्वी मुलीनं फोन घेऊन दिला आणि जुन्या वर्गसोबत्यांनी त्याला आपल्या ग्रुपमध्ये ओढलं. शाळेत ज्यांनी कधी डब्यातला घास दिला नाही, ते आता रोज सकाळी त्याला फुलं पाठवू लागले. फुलांमागून बातम्या आल्या, बातम्यांमागून भांडणं आणि भांडणांमागून अर्ध्या मिनिटाच्या चित्रफिती. एक संपायच्या आत दुसरी सुरू. नव्याचे नऊ दिवस म्हणतात, पण इथं रोजच नवं, मग नऊ दिवस संपणार कधी?

सोमवारी मोठ्या बाई आल्या. निवृत्त मुख्याध्यापिका. निम्मी गल्ली त्यांच्या हाताखालून गेलेली. त्यांचे यजमान मागच्या वर्षी गेले. यजमानांचं बागकामाचं पुस्तक बाईंनी कापडात गुंडाळून आणलं होतं. पाठ निखळलेली, पानं सुटलेली आणि पानापानाच्या कडेला त्यांचं पेन्सिलीचं बारीक अक्षर.

"ह्यांचं अक्षर कडेपर्यंत गेलंय," बाई म्हणाल्या. "पुस्तक शिवा, पण कड कापू नका."

"हो बाई, हो," बाइंडर म्हणाला. त्याच्या हातात पेन्सिल नव्हती, फोन होता. बाई गेल्यावर त्यानं चिठ्ठी लिहिली: हिरवं कापड, शनिवारी द्यायचं. कडेचं वाक्य या कानानं आत आलं आणि त्या कानानं बाहेर गेलं होतं.

दुपारी त्यानं पुस्तक शिवलं. शिवलेलं पुस्तक कापयंत्रात घालून कडा सारख्या करायच्या, ही तर हाताची सवय. फोन त्यानं खळीच्या डब्याला टेकवून उभा केला, एक डोळा तिकडे ठेवला आणि दांडा ओढला. संध्याकाळी शेजारचा काचवाला नेहमीसारखा येऊन कात्रणांचं पोतं घेऊन गेला. कपबशा बांधायला त्याला ती लागत.

मंगळवारी सकाळी पुठ्ठा चढवताना बाइंडरचा अंगठा कडेवरून फिरला आणि थांबला. त्यानं पान उघडलं. पेन्सिलीच्या प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द तुटला होता. दुसरं पान, तिसरं पान, तीच गत. तो तसाच शेजारी धावला.

"कालचं पोतं?" त्यानं विचारलं.

"अर्धं वापरलं की," काचवाला म्हणाला. "सकाळीच पाच खोके गेले. का, सोनं होतं काय त्यात?"

उरलेलं पोतं बाइंडरनं पाठीवर टाकून आणलं. पेन्सिलीच्या खुणा असलेल्या पट्ट्या वेगळ्या काढायच्या, प्रत्येकीचं पान शोधायचं आणि पातळ कागदानं मागून जोडायची. असलं काम डोळ्यात तेल घालून करावं लागतं. तो बसला. चार पट्ट्या झाल्या आणि हात खिशाकडे गेला. फोन टेबलाच्या खणात टाकला, तर पाचव्या पट्टीला हातानं खणच उघडला. खणाला कुलूप लावलं, तर किल्ली बोटांत फिरू लागली. कुठंतरी फोन थरथरतोय असं वाटून तो दोनदा उठला. बघतो तर दवाखान्यातलं यंत्र घरघरत होतं. त्याला स्वतःची शरम वाटली. साठीला आलेला माणूस, आणि अर्धा तास एका जागी बूड टेकत नव्हतं.

जेवायला घरी गेल्यावर त्यानं फोन बायकोपुढे ठेवला. "शनिवारपर्यंत देऊ नकोस."

"मागितलात तर?"

"तरी नको."

"आणि तुमची फुलं?"

"सुकू देत."

बायको हसली नाही. तिनं फोन साड्यांच्या कपाटात ठेवला आणि विचारलं, "काय कापलंत?" बोटाला लागलं असेल असं तिला वाटलं होतं. त्यानं सगळं सांगितलं. ती उठली आणि कपाटाला कुलूप लावून आली.

बुधवारी तो मधल्या सुट्टीतल्या पोरासारखा दुकानात येरझारा घालत होता. जगात काहीतरी घडतंय आणि आपल्यालाच कळत नाहीये, असं आतून कुणीतरी टोचत होतं. दुपारी तो घरी गेला आणि काही न बोलता कपाटासमोर उभा राहिला. बायकोनं त्याला पाण्याचा तांब्या दिला. पाणी पिऊन तो परत गेला. गुरुवारी मात्र त्यानं वर बघितलं तेव्हा दोन तास उलटून गेले होते आणि बावीस पट्ट्या जागेवर बसल्या होत्या. त्या दिवशी एक वकील आला, तर बाइंडरनं आधी पेन्सिल शोधली आणि त्याचंच बोलणं त्याला वाचून दाखवलं. वकील म्हणाला, "आज कोर्टात उभं केलंत की मला." पण पोत्यात नव्हतं ते नव्हतंच. पाच खोक्यांचा पत्ता काचवाल्यालाही ठाऊक नव्हता. शनिवार आला तेव्हा अकरा पट्ट्या कमी होत्या.

बाई आल्या. पुस्तक कागदात न गुंडाळताच त्यांच्यापुढे ठेवून बाइंडरनं सांगून टाकलं, "बाई, तुम्ही सांगत होतात तेव्हा मी फोनमध्ये होतो. कड कापली गेली. जोडली तेवढी जोडली. अकरा गेल्या."

बाईंचा चेहरा ताठ झाला. "मी तुम्हाला दोनदा सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण सांगून झाल्यावर पुन्हा सांगायची सवय मला कधी नव्हती." त्या स्टुलावर बसल्या आणि ती अकरा पानं एकेक करून वाचू लागल्या. गुलाबाला राख कधी घालायची ते त्यांना माहीत होतं. लिंबाची फांदी कुठून छाटायची तेही. त्या सांगत गेल्या, बाइंडर शेजारच्या कागदावर लिहीत गेला, लिहिलेलं वाचून दाखवत गेला. दहा पानं अशी पुरी झाली.

अकराव्या पानावर, मोगऱ्याच्या चित्राखाली लिहिलं होतं: "हिला एकदा विचारायचं आहे की". पुढे काही नव्हतं.

बाईंनी पान उजेडाकडे धरलं. मग उलटून बघितलं. मग परत सरळ केलं.

"मला कधी काही विचारलं नाही ह्यांनी," त्या म्हणाल्या.

बाइंडरनं हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"हे कापलंत तेव्हा फोनवर काय चाललं होतं?" बाईंनी विचारलं. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

बाइंडरनं आठवून पाहिलं. डोळे मिटून, मनापासून आठवून पाहिलं.

"आठवत नाही, बाई," तो म्हणाला.