हळदीच्या मशीनवरची स्पॅनिश

पाउच पुन्हा गळला. मी तो दोन बोटांत धरून जरासा दाबला, तशी सीलच्या कडेतून हळद फुस्सकन बाहेर आली आणि पाब्लोच्या शर्टावर बसली. पाब्लो आणि रामोन हे स्पेनहून आलेले टेक्निशियन, मशीन त्यांच्याच कंपनीचं. तोवर दोघंही इतके पिवळे झाले होते की आमच्या पॅकिंगच्या बायका त्यांना नवरदेव म्हणायला लागल्या होत्या.

मी खालापूरला एका मसाल्याच्या फॅक्टरीत मेन्टेनन्स इंजिनियर आहे. हे नवीन मशीन प्लास्टिकच्या रोलची पिशवी करतं, तिच्यात हळद भरतं आणि तोंड बंद करतं. तोंड बंद करणारे दोन गरम, रेघारेघांचे लोखंडी ठोकळे असतात. त्यांना जॉ म्हणतात, म्हणजे जबडा. तो नीट चावला नाही की पाउच गळतो. ट्रायल पास झाली की आमचे प्लांट मॅनेजर दळवी साहेब सही करणार होते. सही झाली की मशीन आमचं आणि त्याचं दुखणंही आमचं.

स्पेनवाल्यांचं म्हणणं एकच. मशीन उत्तम आहे, तुमची हळद फार बारीक आहे, ती सीलमध्ये शिरते. पाब्लो हे इंग्रजीत सांगायचा. रामोन वयाने मोठा, त्याला इंग्रजी जेमतेम. तो नुसती मान हलवायचा.

दळवी साहेबांना ही मंडळी यायच्या आधीपासूनच संशय होता की काही बिघडलं तर हे आपल्यावर ढकलणार. म्हणून त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"भोईर मॅडम, तुम्ही मेक्सिकोला होतात ना? स्पॅनिश येत असेल."

मी होते खरी. नोकरीच्या सुरुवातीला एका ज्यूसच्या प्लांटवर दीडेक वर्ष काढलं होतं. तेव्हा भाजीवालीशी भांडण्याइतकी स्पॅनिश यायची. मग कर्जतला लग्न झालं, मुलं झाली, आणि ती भाषा कुठे गेली कळलंही नाही. मी साहेबांना सरळ सांगितलं की सगळी विसरले.

"विसरलात म्हणजे येत होती. ते यायला अजून आठवडा आहे. आणि त्यांना कळू देऊ नका. तुम्ही फक्त पाना धरून उभं राहायचं आणि ऐकायचं."

त्या आठवड्यात भिसेगावच्या आमच्या स्वयंपाकघरात भाकऱ्या थापताना मोबाइलवरची बाई बोलायची आणि मी तिच्यामागे बोलायचे. समोर सासूबाई. मी त्यांना स्पॅनिशमध्ये जेवलात का विचारायचे, त्या 'सी' म्हणायच्या. सी म्हणजे हो, एवढं त्यांनी पहिल्याच दिवशी उचललं होतं. पाय दुखतायत का, सी. तुम्ही घोडा आहात का, सी. शेवटी वैतागून म्हणाल्या, "सी सी करून माजी जीभ भाजल्यासारकी झाली गं. त्यांना मराठी बोलाया काय होतं?"

गंमत म्हणजे परत आली ती स्पॅनिश आपल्या मर्जीने आली. खाण्याचे सगळे शब्द आले. शिव्या आल्या, त्या मला कधी येत होत्या हेही आठवत नव्हतं. क्रियापदं मात्र आली नाहीत.

आणि हे दोघं येऊन बोलायला लागल्यावर कळलं की माझी स्पॅनिश मेक्सिकोची आहे, यांची वेगळी. शब्द जिभेखाली दाबून, भराभर. पहिल्या दिवशी मला फक्त 'कॉफी' आणि 'गरम' एवढं कळलं. तेवढ्यासाठी स्पॅनिश लागत नाही. साहेबांनी संध्याकाळी रिपोर्ट मागितला. मी म्हणाले, त्यांना उकडतंय.

दुसऱ्या दिवशी एक अख्खं वाक्य कळलं. रामोन पाब्लोला म्हणत होता, 'एस्तोय कोन्स्तिपादो'. मेक्सिकोत हे मी डॉक्टरकडे ऐकलं होतं. पोट साफ होत नाही. मला त्या माणसाची दया आली आणि स्वतःचा अभिमान वाटला. दुपारी कॅन्टीनमध्ये मी त्याच्या ताटाशेजारी कोमट पाण्यात कालवलेलं इसबगोल ठेवलं. पाब्लोला सांगितलं की पाहुण्यांना हे द्यायची आमच्याकडे पद्धत आहे. रामोनने त्या वाटीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, नाक पुसलं आणि मुकाट्याने वाटी संपवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तो मशीनपाशी फारसा टिकत नव्हता.

त्याच दुपारी मी खाली बसून चेनला ग्रीस लावत होते. रामोन माझ्याशेजारी वाकून, जबड्याकडे बोट दाखवून पाब्लोला काहीतरी म्हणाला. मला स्वच्छ कळलं. 'ला मोर्दाथा एस दे ओत्रो क्लिएंते.' ओत्रो क्लिएंते म्हणजे दुसरा ग्राहक. मोर्दाथा मात्र कळेना. टॉयलेटमध्ये जाऊन मोबाइलवर बघितलं. पहिला अर्थ आला, तोंडात कोंबायचा बोळा.

मी तिथेच उभी राहिले. दुसऱ्या ग्राहकाच्या तोंडात बोळा. म्हणजे आणखी कुणाचं तरी मशीन बिघडलंय आणि यांनी त्याचं तोंड बंद केलंय? हे साहेबांना सांगायला मी निम्मा कॉरिडॉर चालूनही गेले होते. मध्येच पोटरीवरचा जुना व्रण आठवला. मेक्सिकोत प्लांटच्या वॉचमनचा कुत्रा मला चावला होता, आणि डॉक्टरला मी रडत रडत एकच क्रियापद पुन्हा पुन्हा सांगितलं होतं. मोर्देर. चावणं. मग मोर्दाथा म्हणजे चावणारी वस्तू. आमच्या भाषेत, जॉ.

जबडा दुसऱ्याच ग्राहकाचा आहे.

पण एका ऐकीव वाक्यावर, तेही मी ऐकलेल्या, भांडायचं कसं? चुकले असते तर स्पेनवाल्यांनी हसून सही घेतली असती. मी स्टोअरमध्ये गेले. मशीन पाठवण्याआधी त्यांनी तिकडे ट्रायल घेऊन नमुन्याचे पाउच पाठवले होते. त्यातला एक काढला आणि आमच्या गळक्या पाउचशेजारी ठेवला. नमुन्याच्या सीलवर रेघा बारीक, जवळजवळ. आमच्या सीलवर रुंद, लांब लांब. रुंद रेघांचा जबडा जाड प्लास्टिकसाठी असतो. आमचं प्लास्टिक पातळ.

मीटिंगमध्ये मी दोन्ही पाउच टेबलावर ठेवले आणि इंग्रजीत विचारलं की या रेघा वेगळ्या का आहेत. पाब्लो लालबुंद झाला. पिवळ्यावर लाल म्हणजे केशरी. रामोनने दोन्ही पाउच डोळ्यांजवळ नेले, असं आश्चर्य दाखवलं की जणू आयुष्यात पहिल्यांदा रेघ बघतोय, आणि बाहेर जाऊन ऑफिसला फोन लावला. साहेबांनी पेनाचं टोपण लावून पेन खिशात ठेवलं.

योग्य जबडे विमानाने आले. बसवले. पाउचवर मी उभी राहिले तरी गळला नाही. मग सही झाली.

निघायच्या दिवशी रामोन बाहेरच्या नळावर हळद धूत होता. मी टॉवेल घेऊन गेले. तो स्पॅनिशमध्ये, शाळेत शिकवावं तसं म्हणाला, "सेन्योरा, मेक्सिकोत कोन्स्तिपादो म्हणजे पोट. आमच्याकडे नाक. मला सर्दी झाली होती."

क्रियापदं अजून आली नव्हती. तशाच तोडक्यामोडक्या स्पॅनिशमध्ये विचारलं, म्हणजे मला तुमची भाषा कळते हे तुम्हाला माहीत होतं? मग जबड्याचं माझ्यासमोर का बोललात?

"ऑफिसने सांगितलं होतं, आधी सही घ्या, मग बघू. मला गळकं मशीन मागे ठेवून जायला आवडत नाही. ते वाक्य मी तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा तुमच्या कानाशी येऊन, सावकाश. पाब्लोला वाटलं, उन्हाने माझं डोकं फिरलं."

पहिल्या दोन वेळी मला ते ऐकूच आलं नव्हतं.

दळवी साहेबांना मी हे सांगितलेलं नाही. ते सगळीकडे सांगतात की आमच्या मॅडमना स्पॅनिश अस्खलित येते. पुढचं मशीन इटलीहून येणार आहे आणि साहेबांच्या मते दोन्ही भाषा सारख्याच असतात.

यातून मी एवढंच शिकले: दुसऱ्याची भाषा एकाएकी फार छान कळायला लागली, तर आधी बघावं की समोरचा मुद्दाम सावकाश बोलतोय का. रामोन आता कधीमधी रविवारी फोन करतो. मी त्याला बजावलंय की भराभर बोल. मला निम्मंच कळतं. पण तेवढं माझं असतं.