सुधारलेली गाडी

छापखान्यात चौतीस वर्षं मशीनशेजारी उभं राहिल्यावर माणसाच्या कानांचं जे व्हायचं तेच त्याच्याही कानांचं झालं होतं. समोर उभं राहून कुणी बोललं तर कळायचं, बारीक आवाज मात्र कायमचे गेले होते. निवृत्त झाल्यावर हातात चार पैसे आले, तेव्हा शहाण्या माणसाने काय घ्यावं? कानाचं यंत्र. याने घेतली छोटी चारचाकी, तीही दुसऱ्या कुणी सात वर्षं दामटलेली. आता बोला!

जुनी गाडी म्हटल्यावर रोज कुठे ना कुठे वाजणारच. ते ऐकायचं काम बायकोचं. ती शेजारच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसायची, मान जराशी तिरकी करायची आणि जाहीर करायची, "अहो, पुढच्या चाकात काहीतरी बोलतंय." की निघाली स्वारी गॅरेजला.

गॅरेजमधल्या मेकॅनिकने यांची गाडी कधी चालवून पाहिली नाही. त्याला गरजच पडायची नाही. तो हातातला पाना खाली ठेवायचा आणि विचारायचा, "काकू, कसं वाजतंय?" आणि ही बाई चारचौघांत तोंडाने तो आवाज काढून दाखवायची! एसीचा पट्टा सैल झाला असला तर "कुंईईई". सायलेन्सरचा हूक तुटला असला तर "खुळुक, खुळुक". बाकीची गिऱ्हाइकं हसू दाबत दुसरीकडे बघायची. मेकॅनिक मात्र डॉक्टरसारखा गंभीर. "स्पीडब्रेकरवर की सपाट रस्त्यावर?" एवढंच विचारायचा आणि नेमकं तेच उघडायचा. "काकू, तुम्ही माझ्याकडे नोकरीलाच या," असं तो दर खेपेला म्हणायचा आणि ती दर खेपेला लाजायची.

पण तिने काढलेल्या प्रत्येक आवाजामागे खर्च यायचा. विमा, टायर, बॅटरी हे चुकत नव्हतंच, वरून हे. दीड वर्षापूर्वी क्लच प्लेट गेली. ती बदलून पंधरा दिवस होत नाहीत तोच रेडिएटर गळायला लागला. तोही बदलला, आणि घरी येताना वाटेत तिने मान तिरकी केली. "अहो," म्हणाली.

तो तडकला. "पुरे! तू ऐकतेस म्हणून खर्च निघतात. तुझ्या त्या कानांनी माझं दिवाळं काढायचं बाकी ठेवलंय. जरा गप्प बसून बघ, गाडी आपोआप नीट चालेल!"

बोलून मोकळा झाला. रागाच्या भरात आपण सगळेच असं बोलतो आणि तासाभरात विसरून जेवायला बसतो. तोही विसरला.

त्यानंतर गाडी सुधारली. वर्षभर एक तक्रार म्हणून नाही! मध्ये एकदा तेल बदलायला गॅरेजला टाकली, तेवढंच. शेजारपाजारी तो मिशीवर ताव देऊन सांगायचा, "जुनी गाडी एकदा हाताला रुळली ना, की त्रास देत नाही." बायकोलाही त्याच सुमारास गाण्यांची आवड लागली. गाडीत बसली की पट्टा लावायच्या आधी ती रेडिओ लावायची, तोही मोठ्याने, अगदी त्यालासुद्धा ऐकू येईल इतका. त्याला बरं वाटायचं. म्हातारपणी का होईना, बाई खुशीत आहे, असं त्याने मनाशी धरून ठेवलं होतं.

मग तिच्या पोटाचं निघालं. रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "हे बरेच महिने दुखत असणार. बोलला नाहीत?" ती पर्सच्या पट्ट्याशी चाळा करत राहिली. "वाटलं, जाईल आपोआप," म्हणाली. तिथून पुढे ती सात आठवडे जगली.

मुलगी आली, महिनाभर राहिली आणि जाताना म्हणाली, "बाबा, गाडी विकून टाका. धड ऐकू येत नाही, एकटे कुठे हिंडणार आहात?" गिऱ्हाईकही तिनेच शोधलं. ते म्हणालं, आधी मेकॅनिककडून तपासून आणा. म्हणून तो एका सकाळी गॅरेजला गेला. शेजारची सीट रिकामी होती.

मेकॅनिकने सवयीने पाना खाली ठेवला. "काकू, क..." म्हणाला आणि थांबला. मग पुसत पुसत हात नको इतके स्वच्छ केले. "मीच चालवून बघतो, काका. तुम्ही शेजारी बसा."

कोपऱ्यापर्यंत जाऊन दोघं परत आले तोवर मेकॅनिकचा चेहरा उतरला होता. त्याने जॅक लावला, चाकं हलवून पाहिली, बोनेट उघडलं.

"बेअरिंग गेलंय. बुश खडखडतायत. इंजिनाचं माउंटिंग तुटलंय, उभ्या उभ्या गाडी थरथरते."

"कधीपासून?"

"वर्ष तरी झालं असेल."

"काहीतरीच काय!" तो म्हणाला. "वर्षभर गाडी वाजलीच नाही. वाजली असती तर ती बोलली नसती का?"

मेकॅनिक त्याच्या समोर येऊन उभा राहिला, नीट ऐकू यावं म्हणून. "काका, वाजत होती. काकूंना ऐकूही येत होतं. मागे तुम्ही तेल बदलायला गाडी टाकलीत ना, त्याच्या आधी त्यांनी मला फोन केला होता. फोनवर 'चींऽऽ' असा आवाज काढला. ब्रेकचे पॅड संपले की तसं होतं. म्हणाल्या, 'पॅड तेवढे बदल, पैसे मी देते, यांना सांगू नकोस.'"

"आणि बाकीचं?"

"मी म्हटलं, बाकीचंही बघून घेऊ. तर म्हणाल्या, 'नको रे. मी काही बोलले की त्यांना त्रास होतो. वाजू दे. मी रेडिओ लावते. ब्रेक मारल्यावर गाडी थांबली म्हणजे झालं.'"

त्याने वाकून चाकाला हात लावला. ते गेलेलं बेअरिंग, ते तुटकं माउंटिंग, आणि त्या सगळ्यात तेवढे ब्रेक धड. मग त्याने विचारलं, "स्वतःचं काही बोलली का? पोटाचं?"

"नाही, काका," मेकॅनिक म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "मी गाडीचंच विचारलं."

विकायचं नंतर बघू, असं सांगून तो निघाला. किल्ली फिरवताच रेडिओ लागला, तिने ठेवला होता तेवढाच मोठा. त्याने तो बंद केला. मान तिरकी केली, तिच्यासारखी. भुणभुण नाही, खडखड नाही, काही म्हणजे काही ऐकू येईना. फक्त स्टिअरिंगवरचे हात थरथरत होते, आणि ते गाडीमुळे की आपलेच, हेही त्याला कळेना.

चौकात सिग्नल लाल झाला. त्याने ब्रेकवर पाय ठेवला, आणि ती खिळखिळी गाडी रेषेच्या अलीकडे अलगद, जागच्या जागी थांबली.

"बोल ना गं," तो शेजारच्या सीटला म्हणाला. "होऊ दे खर्च. कुठे दुखतंय ते सांग. मी नाही ओरडणार."

सिग्नल हिरवा झाला, पुन्हा लाल झाला. त्याचा पाय ब्रेकवरून निघेना. मागे हॉर्नवर हॉर्न चालले होते. शेवटी मागच्या गाडीतला एक माणूस तावातावाने उतरून आला, त्याने काचेवर टकटक केलं, आत रिकाम्या सीटकडे बघून रडणारा म्हातारा बघितला, आणि वळून मागच्यांना हॉर्न थांबवायची खूण केली.