मोट हाकणारं पोरगं सोलापूरला निघालं

तामलवाडीहून सोलापूर आता गाडीनं अर्ध्या तासाचा रस्ता. गाव मागं पडलं की मला दर वेळी हसू येतं. नातू म्हणाला, "आजोबा, लिहाच हे ब्लॉगवर." म्हणून लिहितो, पण प्रवास निजामाच्या काळातला आणि पायी केलेला.

मामा सोलापूरला मिलमध्ये होता. त्यानं आपल्या थोरल्या पोरालाही मिलमध्ये चिकटवल्याचा सांगावा आला आणि आमच्या मायला चैन पडेना. भावजयीचं पोरगं मिलमध्ये आणि आपलं मळ्यात? तिनं भाकरी आणि शेंगाची चटणी फडक्यात बांधली, मला धुतलेला सदरा घातला आणि उजाडायच्या आत निघालो. मला तर मिलचं वेडच लागलं होतं.

गावाबाहेर करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता, कारण पुढं इंग्रजी मुलूख. आपली निजामाची हाली नाणी तिकडं कुणी घेत नसे, ती बदलून इंग्रजांचे कलदार रुपये घ्यावे लागत. (आता नाका शोधू नका. तिथं चहाचं हॉटेल आहे, भजी झकास मिळतात.) नाक्यावरच्या जमादारानं गाठोडं चाचपलं.

"लडका क्या करता?"

"मोट हाकतंय!" माय म्हणाली.

तेव्हा आमच्याकडं पोराचं वय कुणी विचारत नसे, काम विचारत. शेरडं राखतं म्हणजे लहान. गुरं राखतं म्हणजे जरा कळतं झालेलं. विहिरीवर बैल मागंपुढं चालवून मोट ओढतं म्हणजे पोरगं हाताशी आलं. मी त्याच वर्षी मोटेवर गेलो होतो, त्यामुळे मायची मान ताठ होती, आणि खरं सांगायचं तर माझीही.

सोलापुरात पोचेस्तोवर पायाचे तुकडे पडले. मामा आम्हाला मिलच्या डॉक्टरकडं घेऊन गेला.

"वय काय?"

"मोट हाकतंय."

"बाई, मी वय विचारतोय."

"तेच सांगतीय की डाक्तरसाब! मोट हाकतंय!"

डॉक्टरनं माझं तोंड उघडायला लावलं, बैल विकत घेताना बघतात तसे दात बघितले आणि मान हलवली. "लहान आहे. कायद्यात बसत नाही. शाळेत घाला."

"लहान? ह्यो लहान?" मायचा आवाज चढला. मामानं तिला कसंबसं बाहेर आणलं. मला रडू फुटलं. मोट हाकणाऱ्याला चारचौघांत लहान म्हणतात म्हणजे काय!

रात्र मामाकडं काढली. भावजयीनं तोंडभरून विचारपूस केली, ती मायला फार झोंबली. सकाळी परतीच्या वाटेला लागलो. नाक्यावर तोच जमादार.

"लगा क्या काम?"

मी खाली बघितलं. मायनं माझा सदरा सारखा केला.

"काम कशाला? साळंत जातंय आमचं पोरगं."

"अरे वा! कौनसी जमात में?"

मायला यत्ता कुठून माहीत असणार? "पहिलीला!" ती ठासून म्हणाली. जमादारानं माझ्या पाठीवर थाप मारली. मी शाळेची पायरी कधी चढलोच नव्हतो.

पुढं गेल्यावर मी म्हणालो, "माय, खोटं का बोललीस?"

"खोटं कशानं? उद्या जातूस की."

घरी बा अंगणात बसला होता. ऐकून उखडला. "साळंत? आन् मोट कुणी हाकायची?"

"म्या हाकते," माय म्हणाली.

आमच्या शिवारात तोवर बाईनं मोट हाकलेली कुणी बघितली नव्हती. लोक लई हसले. माझी शाळा चावडीशेजारी भरायची, तिथून आमची विहीर दिसायची. मी पाढे म्हणायचो आणि पदर खोचलेली माय बैलांमागं येताजाता दिसायची. आजही तिचा तेवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटत नाही.

परवा त्याच रस्त्यानं घरी येताना त्या हॉटेलापाशी थांबलो. रविवार होता. एक पोरगी शेरडं वळत होती. जुन्या सवयीनं विचारलं, "काय करतीस गं?"

तिनं शेरडांकडं बघितलंही नाही.

"सहावीला हाय," म्हणाली.

माझ्या मायनं हे ऐकायला हवं होतं.