सुनंदाबाई आणि आमच्या तारखा

सुनंदा मडावी पहिल्यांदा आमच्या ऑफिसात आली, नमस्कार केला, पाणी प्यायली आणि सरळ जाऊन तिनं भिंतीवरचं बटण बंद केलं. चालता कॉम्प्युटर गपकन विझला. मी खुर्चीतून उठलोच.

"अवो बाई, काय करून राह्यल्या तुमी?"

"हा मेला समजा भाऊ," ती थंडपणे म्हणाली. "आता सांगा, संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी तुमचं नाटक कोणत्या गावाले आहे?"

मला सांगता आलं नाही. इतकी वर्षं कंपनी चालवतो, पण तोंड उघडं ते उघडंच. तिनं बटण पुन्हा चालू केलं आणि म्हणाली, "म्हणून मले बोलवा. बिघडल्यावर नाई, चालू असतानाच."

आमची पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीची नाटक कंपनी. वडशात एकाच गल्लीत अशा कंपन्यांची ऑफिसं दाराला दार लागून आहेत. पावसाळा सरत आला की गावोगावचे लोक येतात आणि आपापल्या मंडईच्या जत्रेचं, शंकरपटाच्या बैलशर्यतीचं नाटक ठरवून जातात. त्या दिवशी गावात लेकी-जावई येतात, पाहुणे ओसरीत मावत नाहीत, सोयरिकी तिथंच जमतात. तारीख दिली म्हणजे शब्द दिला. एकाच दिवशी दोन गावांना नाटक देऊन बसलं तर एका गावाची मंडई सुनी जाते, आणि ते गाव जन्मभर आपल्याला दारात उभं करत नाही. धंदा काय तो एवढाच आहे हो, बाकी पडदे-पेटी सगळ्यांकडेच असतात.

सुनंदाचं गाव कुरखेड्याकडच्या जंगलात. आई-बाप मोहफुलं वेचायचे, धान लावायचे. ती गडचिरोलीला कॉम्प्युटर शिकली, नागपुरात नोकरी करून आली आणि आरमोरीत एक खोली घेऊन बसली. राइस मिल, औषधांची दुकानं, सावली गावचं कृषी केंद्र, वडशातले आम्ही नाटकवाले, सगळ्यांची यंत्रं तिच्या गळ्यात. महिन्यातून एकदा स्कूटीवर यायची, ठरल्याप्रमाणे. आमच्यासारख्यांना पगारी माणूस ठेवणं कुठलं परवडतं! तिचं म्हणणं होतं, "बिघडल्यावर येणारा माणूस बिघडायची वाट पाह्यते. मी महिन्याची बांधलेली, मले तुमचं चांगलं चाललेलंच पाह्यजे."

तिच्याआधी शहरातून एक टायवाला येऊन गेला होता. त्यानं मला मोठ्ठा सर्व्हर दाखवला, त्याला वेगळी एसीची खोली लागणार होती. आमच्या नट्यांना कपडे बदलायला धड खोली नाही, आणि त्या डब्याला एसी! तरी मी भुललोच होतो. सुनंदानं त्याचा कागद वाचला आणि घडी करून माझ्या हातात दिला. "भाऊ, तुमच्या तारखा एका पिशवीत मावते. पिशवीसाठी ट्रक काऊन घेता?" मग तिनं सगळ्यात लहान क्लाउड लावून दिला. तो काय असतो ते मला कळेना, तेव्हा म्हणाली, "ढगात काही नाई ठेवत. दुसऱ्याच्या घरचं कपाट आहे, भाड्याचं. कुलूप आपलं, किल्ली आपली. इथी यंत्र मेलं तरी तिथी कागद जिवंत." त्या वर्षी मी मोठ्या रुबाबात तारखांची वही बंद केली.

पण तिची खरी गंमत पुढंच होती. किल्ली हरवली तर कपाट उघडायला एक लांबलचक अक्षरांची ओळ असते. ती तिनं मला कागदावर छापून दिली, पाकिटात घालायला लावली, चिकटवलेल्या जागेवर माझी आडवी सही घेतली. मी पाकीट कपाटात ठेवायला निघालो तर म्हणाली, "तुमच्या कपाटात नाई. शालिकभाऊच्या कपाटात."

शालिकभाऊ म्हणजे समोरच्या कंपनीचे मालक. माझा पक्का वैरी! त्यांनी माझा पेटीवाला पळवला, मी त्यांचा विनोदी नट पळवला, असं आमचं प्रेम. मी तोंडात आलं ते बोललो. तिनं सगळं ऐकून घेतलं.

"माझी आई बियाण्याचं धान अर्धं घरी ठेवते, अर्धं दुसऱ्या टोल्यावर, पल्याडच्या वस्तीत, मावशीकडं. घर जळलं तरी पेरणी होते. तुमच्या ऑफिसाले आग लागली तर पाकीटही जळंन ना? शालिकभाऊचं पाकीट तुमच्याकडं राहीन. दोघांचं दोघांकडं."

मी म्हटलं, "अन् त्यानं उघडलं तर?"

"तर सही फाटंन. मग तुमी त्याले गल्लीत तोंड दाखवू नका देऊ."

असं ते पाकीट समोर गेलं आणि समोरचं माझ्याकडं आलं.

आता माझा दोष सांगतो, लपवून काय करू! सुनंदा समोरच्यांच्या यंत्रापाशी तासतासभर बसायची. तिला त्यांची सगळी गावं दिसत असणार. एकदा चहा पाजून मी हळूच विचारलं, "बाई, शालिकरावांनी सिंदेवाहीकडचं काय धरलं यंदा?" तिनं कप खाली ठेवला. "उद्या ते तुमचं विचारतीन, तवा काय सांगू?" एवढंच म्हणाली आणि कामाला लागली. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा तर अर्धा चहा तसाच ठेवून गेली. मी काय धडा घेतला? उलट माझ्या मनात आलं, ही एवढी घट्ट राहते म्हणजे नक्की तिकडं सामील आहे. चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

नवरात्रात ती समोरून हसत बाहेर पडताना दिसली, आणि त्याच आठवड्यात मी डोळा ठेवलेलं सावलीकडचं एक गाव शालिकभाऊंनी नेलं. झालं! माझं डोकं फिरलं. मी स्वतः बसून क्लाउडचा पासवर्ड बदलला. रागाच्या भरात कसला तरी अवघड टाकला, खुणाबिणा घालून. "सगळ्या यंत्रांतून बाहेर काढू का?" असं विचारलं, तेही हो म्हटलं. फक्त ऑफिसातल्या कॉम्प्युटरवर ते उघडं राहिलं, म्हणून पासवर्ड पुन्हा लागलाच नाही. आणि चार दिवसांत मी तो साफ विसरलो.

लक्ष्मीपूजनाला आम्ही पेटी-तबला मांडतो, पडद्यांना हळदकुंकू लावतो. तारखा कॉम्प्युटरात, म्हणजे तोच आमची लक्ष्मी. त्याला झेंडूचा हार घातला, अक्षता वाहिल्या, आणि मी त्याच्या डब्याशेजारीच दगड ठेवून दणक्यात नारळ फोडला. अर्धं पाणी वाटीत आलं. उरलेलं डब्याच्या जाळीतून आत गेलं. आतून चर्र झालं, धूर निघाला, उदबत्तीचाच म्हणून मी हातसुद्धा जोडले.

भाऊबीजेला आमचा पहिला प्रयोग. कोणत्या गावाला, ते ठाऊक होतं. पण पुढची गावं? चार महिन्यांच्या तारखा, कोणत्या नटीला कोणत्या दिवशी कुठं न्यायचं, कोणत्या गावाचा फोन कोणता, सगळं त्या डब्यात. आठवून लिहायला बसलो तर बारा गावं आठवली, त्यातही दोन तारखांना दोन-दोन गावं आली. गावांकडं करारपत्रं होती, पण कोणत्या गावांकडं, तेच माहीत नाही. बायको म्हणाली, "बाईले फोन लावा." कोणत्या तोंडानं लावू? शेवटी तिनंच लावला.

पाडव्याच्या सकाळी सुनंदा आरमोरीहून आली. डबा उघडून पाहिला, आतल्या खोबऱ्याच्या वासानं तिला हसू आलं, पण तिनं दाबलं. "हा आता खरंच गेला. हरकत नाई. क्लाउड उघडा." पासवर्ड तर मी विसरलेलो. मोबाइलवर आकडे मागवावे तर खात्याला जोडलेला नंबर मी कधीच बंद केलेला. मग मी सगळं सांगून टाकलं. पासवर्ड काऊन बदलला, तेही. म्हटलं, "तुमच्यावरच शक घेतला बाई मी."

तिचा चेहरा उतरला, खोटं कशाला बोलू.  मग म्हणाली, "मले पासवर्ड माहीतच नोहता, भाऊ. कोणाचाच नसते. बदलायची काही गरज नोहती." आणि समोर जाऊन शालिकभाऊंना बोलावून आली.

शालिकभाऊ नव्या सदऱ्यात आले, हातात पाकीट. माझी आडवी सही जशीच्या तशी होती. त्यांनी ते माझ्यापुढं ठेवलं आणि म्हणाले, "दोन वर्षं कपाटात आहे. खाज नाई सुटली असं नाई म्हणत. बाईले तुमच्या तारखाबी विचारून पाह्यल्या, तीनदा."

"काय म्हणाली?"

"मले चहा पाजू नका म्हणे."

मला हसावं की रडावं कळेना. मी पाकीट फाडलं. सुनंदानं आपला लॅपटॉप समोर ठेवला, ती लांबलचक ओळ मला अक्षर न् अक्षर टाकायला लावली. नवा पासवर्ड मागितला तेव्हा मी म्हटलं, "बाई, आता तुमीच टाका. तुमच्याजवळच राहू द्या."

"नाई भाऊ. मले माहीत नाई म्हणूनच शालिकभाऊ मले घरात घेते, अन् तुमीबी. ते गेलं तर माझ्याजवळ काय राह्यलं?" असं म्हणून ती उठली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

मी पासवर्ड टाकला. क्षणभर काहीच नाही. मग एकेक करत सगळी गावं उतरली, भाऊबीजेपासून थेट महाशिवरात्रीपर्यंत, एकही तारीख न सांडता. माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. मी ओरडलो, "आलं बाई, सगळं आलं! पाहा ना इकडं!"

"मले नका दाखवू. तुमी पाह्यलं, झालं," ती भिंतीशीच बोलली.

ह्या जंगलमुलखातल्या पोरीनं आम्हा नाटकवाल्यांना काय शिकवलं, ते मी कुठंही छाती पुढं काढून सांगतो. शहरातल्या टायवाल्यांनाही सांगतो.  त्या दिवशी आभार मानायला म्हणून मी मागं वळलो, तर सुनंदाच्या शेजारी शालिकभाऊही, नवा सदरा घालून, हात मागं बांधून, भिंतीकडं तोंड करून उभे होते.