रेघोबांचा वळसा

आमच्या कचेरीत भिंतीवर जेवढे नकाशे टांगलेले होते ते सगळे रेघोबांच्या हातचे, आणि त्यातल्या एकाही वाटेवर त्यांनी कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. चालायची गरजच काय, असा त्यांचा सवाल असे. घर ते कचेरी आणि कचेरी ते घर एवढाच त्यांचा प्रवास, तोही बसने. उंटावरून शेळ्या हाकणारे साहेब मी पुष्कळ पाहिले. रेघोबा त्यांच्याहून सज्जन. त्यांनी कधी उंटसुद्धा मागितला नाही, खुर्चीवरूनच हाकत राहिले.

रेघोबा हे नाव त्यांना कचेरीने दिलं होतं. रेघ कशी हवी, तर अखंड. मध्ये तुटली किंवा उगाच वाकली तर काम अपुरं, असा आमच्याकडचा नियम, आणि तो त्यांच्या अंगात भिनलेला. संगणक आला तरी कानावरची पेन्सिल गेली नाही. बाकी त्यांच्या आयुष्यातली प्रत्येक गोष्ट एकाच वाक्यावर अडलेली असे: हा नकाशा झाला की. चष्म्याचा नंबर तपासायचाय? हा नकाशा झाला की. केस कापायचेत? हा नकाशा झाला की. मी त्यांच्याच इमारतीत खालच्या मजल्यावर राहते. त्यांच्या न्हाणीघरातला गळका नळही या नकाशासाठी थांबला होता आणि तोवर माझ्या छतावर स्वतःचा नकाशा काढत होता.

या वाक्याचा खरा फटका बसला तो त्यांच्या बायकोला, म्हणजे आमच्या वहिनींना. वहिनी डोंगरवस्तीतल्या, तिथल्या मूळच्या लोकांपैकी. शहरात शिवणकामाला आल्या, रेघोबांशी ओळख झाली, लग्न झालं. काही वर्षांनी एका ट्रकवाल्याकडून निरोप आला की वडील गेले. निरोप उशिरा पोचला होता, पण जायला तर हवंच होतं. रेघोबा तेव्हा एका धरणाच्या नकाशात बुडालेले. हा नकाशा झाला की जाऊ, म्हणाले. धरण झालं, मग रस्ता आला, रस्त्यामागून अभयारण्य आलं. वहिनींनी पुन्हा एकदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

एकट्या का जात नाही, असं मी एकदा चहा पिताना त्यांना विचारलं. त्या म्हणाल्या, एकटी गेले तर आई विचारेल जावई कुठेत, आणि मला खोटं बोलता येत नाही. मला रेघोबांचा राग आला. वर जाऊन चार शब्द सुनवावेत असंही वाटलं, पण वहिनींनीच मला दुसरा कप चहा दिला आणि विषय बदलला.

अशात कचेरीत नवे साहेब आले. कुठल्याशा प्रशिक्षणाहून येताना त्यांनी एक शब्द आणला होता: भागीदारी. डोंगररांगेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत लांब पल्ल्याची पायवाट आखायची, देशोदेशीचे लोक पाठीवर पिशव्या लावून तिथे चालणार, आणि हे सगळं डोंगरातल्या मूळ रहिवाशांच्या भागीदारीत. सभांचं इतिवृत्त मी लिहीत असे, म्हणून मला ही भागीदारी नीट ठाऊक आहे. वाट त्यांची. नकाशा आमचा, रेघ आमची, खाली सही आमची. मुखपृष्ठावर हसणारा चेहरा तेवढा त्यांचा.

घोडं एकाच जागी अडलं. वस्तीतल्या लोकांसोबत बसून त्यांची संमती घेतल्याशिवाय छापायचं नाही, असं वरून कळवण्यात आलं. साहेब भागीदार शोधू लागले. सल्लागार नेमला. त्याने पडद्यावर डोंगर दाखवले, ते भलत्याच मुलुखातले निघाले. तिसऱ्या सभेत मला राहवलं नाही. मी वहीतून मान वर काढून सांगितलं की रेघोबांच्या पत्नी तिथल्याच आहेत. काखेत कळसा आणि गावाला वळसा. साहेबांनी रेघोबांकडे असं पाहिलं, जणू हरवलेली फाईल सापडली.

आठवड्याभरात आदेश निघाला. वहिनी झाल्या भागीदार प्रतिनिधी आणि दुभाषी. गळ्यात अडकवायला पट्टा आला, त्यावर फोटो. साहेब, रेघोबा, वहिनी आणि इतिवृत्ताला मी, असं जीपने निघायचं ठरलं. ज्या माहेरी नवऱ्याने इतकी वर्षं नेलं नाही, तिथे बाईला कचेरीने कामासाठी धाडलं. तुम्ही याल ना, एवढंच वहिनींनी रेघोबांना विचारलं. ते म्हणाले, कामच आहे ना.

जीप वरपर्यंत जात होती. वस्तीतली घरं बसकी, दारं इतकी ठेंगणी की आत जाताना साहेबांनाही वाकावं लागलं. वहिनींची आई दारातच उभी होती. बुटकी, ताठ बाई. तिने लेकीच्या केसांवरून, खांद्यावरून, कोपरापर्यंत हात फिरवला आणि तिला आत नेलं. रेघोबांना दाराशी एक स्टूल मिळालं. जावई म्हणून नव्हे, कचेरीचा माणूस म्हणून. सासूबाई त्यांच्याशी एक अक्षर बोलल्या नाहीत.

वस्तीतली चार जाणती माणसं आली आणि साहेब भागीदारीवर बोलायला उभे राहिले. नमनालाच घडाभर तेल गेलं. भाषण संपल्यावर वहिनींनी त्याचं त्यांच्या भाषेत एका वाक्यात भाषांतर केलं आणि सगळे हसले. साहेब खूश झाले. ते वाक्य काय होतं हे वहिनींनी मला अजून सांगितलेलं नाही.

मग जमिनीवर नकाशा पसरला. रेघोबांची लाल रेघ खणखणीत, कुठे तुटलेली नाही. ती सासूबाईंच्या घरामागून निघून खाली झऱ्याकडे आणि तिथून कड्यावर जात होती. साहेबांना तीच जागा सगळ्यात आवडली होती, कारण तिथून दरी छान दिसते असं कुणीतरी कळवलं होतं. सासूबाईंनी त्या रेघेवर तळहात ठेवला आणि काहीतरी म्हणाल्या.

"ही वाट झोपलीय," वहिनींनी आम्हाला सांगितलं.

साहेबांनी विचारलं, उठते कधी? तेव्हा एक म्हातारेबुवा सांगू लागले आणि वहिनी आम्हाला ऐकवू लागल्या. घरातला कर्ता माणूस गेला की त्याच्या रोजच्या पायाखालची वाट झोपवायची. तोंडाशी एक फांदी आडवी टाकायची. मग त्या घरची थोरली लेक येते, फांदी उचलते, सगळ्यांच्या आधी एकटी त्या वाटेने झऱ्यावर जाते, पाणी आणते, घर ते पाणी पितं आणि वाट जागी होते. लेकीच्या आधी परक्याचं पाऊल पडलं तर ती वाट त्या घरची राहत नाही, कुणाचीही होते. तोवर घरच्यांनी डोंगराला वळसा घालून पाणी आणायचं. सासूबाई वळशानेच आणत होत्या.

साहेब म्हणाले, एवढंच ना, मग त्या थोरल्या लेकीला बोलावून घ्या, जीप पाठवू. कुठे असते ती?

वहिनींनी याचं भाषांतर केलं नाही. नकाशाची दुमडलेली कड त्या बोटाने सरळ करत राहिल्या. म्हातारेबुवांना प्रश्न कळला नव्हता आणि साहेबांना उत्तर कळलं नव्हतं. कळलं होतं ते दाराशी स्टुलावर बसलेल्या माणसाला. सासूबाईंनी त्या दिवशी पहिल्यांदाच रेघोबांकडे सरळ पाहिलं आणि ते मान खाली घालून बसले. इतकी वर्षं मला त्यांना जे सुनवायचं होतं ते त्या बाईने तोंडही न उघडता सुनावलं. मी इतिवृत्तात लिहिलं, चर्चा सकारात्मक झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब पाहणीला निघाले. घरामागे वाळकी फांदी आडवी होती, पलीकडे कमरेएवढं गवत. साहेब म्हणाले की अशा बाबतीत फार संवेदनशील राहावं लागतं, आणि संवेदनशीलपणे फांदी ओलांडायला पाय उचलला.

"साहेब, पाय मागे घ्या," रेघोबा म्हणाले.

या माणसाने साहेबाला, मग तो कुठलाही असो, हो शिवाय दुसरा शब्द उच्चारलेला मी ऐकला नव्हता. साहेबांनीही नसावा. त्यांचा पाय तसाच अधांतरी राहिला.

"ही माझ्या सासऱ्यांची वाट आहे. आधी त्यांची लेक जाईल. इतकी वर्षं मीच अडवून ठेवलंय तिला."

साहेबांनी पाय मागे घेतला. वहिनींनी गळ्यातला पट्टा काढून माझ्या हातात दिला. आईकडून कळशी घेतली, फांदी बाजूला केली आणि गवतात शिरल्या. थोड्या वेळाने डोकंही दिसेना. सासूबाई दाराची चौकट धरून उभ्या होत्या. माझं तिथे कुणी नव्हतं, ना नात्याचं ना गोत्याचं, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

वहिनी परतल्या तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजल्या होत्या आणि केसांत गवत अडकलं होतं. आधी आईने ओंजळ धरली, मग भावाने, भावजयीने, मुलांनी. रेघोबांनीही ओंजळ पुढे केली होती. कळशी त्यांच्यापुढून तशीच गेली. त्यांनी हात खाली घेतले आणि उगाच शर्टाला पुसले. मला वाईट वाटलं, आणि बरं झालं असंही वाटलं.

आता वाट जागी झाली, म्हणजे रेघ पक्की ना, असं साहेबांनी विचारलं. सासूबाईंचं उत्तर वहिनींनी शब्दाला शब्द सांगितलं. "ही घरची वाट आहे. तुमच्या पाहुण्यांनी वळशाने जावं. मी इतकी वर्षं त्याच वाटेने गेले. वाट वाईट नाही, लांब आहे एवढंच." जाणत्यांनी माना डोलावल्या आणि संमती झाली.

निघताना जीप सुरू झाली तरी वहिनी चढेनात. रेघोबा त्यांना बोलवायला खाली उतरले. मी मागच्या सीटवरून ऐकत होते. वहिनींच्या आवाजात राग नव्हता. घरात रोज ऐकलेलंच वाक्य त्यांनी तसंच परत केलं.

"तुम्ही व्हा पुढे. हा नकाशा झाला की येते मी."

पुढे कचेरीने जे पाहिलं त्यावर कचेरीचाच विश्वास बसेना. रेघोबा डबा खायला उठत नसत. ज्या नकाशाने एरवी वर्ष खाल्लं असतं, तो भराभर उरकला. छपाई विभागाने नियमाप्रमाणे तो वाकडा वळसा चूक समजून सरळ करून टाकला, तेव्हा रेघोबा स्वतः तिकडे गेले आणि रेघ पुन्हा वाकेपर्यंत यंत्रापाशी उभे राहिले. उद्घाटनाच्या भाषणात साहेब त्या वळणाला निसर्गरम्य म्हणाले आणि ते आपल्याला कसं सुचलं तेही सांगितलं. हल्ली त्यांना भागीदारीवर बोलायला लांबलांबून बोलावणी येतात.

भाषण चालू असताना रेघोबा सभागृहात नव्हतेच. नोकरीत पहिल्यांदा त्यांनी मोठी रजा टाकली होती आणि नकाशाची गुंडाळी काखेत मारून डोंगराकडे गेले होते. परतले ते वहिनींना घेऊनच. आता दर वर्षी जायचं, या बोलीवर त्या आल्या होत्या.

जिन्यात भेटले तेव्हा दोन्ही टाचांना पट्ट्या होत्या. एका हातात पाना, कारण नळ आधी दुरुस्त करायचा असं ठरलं होतं म्हणे. मी विचारलं, सासूबाई बोलल्या का?

"बोलल्या ना. पाणी आणा म्हणाल्या. होतो तोवर मीच आणत होतो." ते पायरीवर टेकले आणि एक चप्पल काढून टाच चोळू लागले. "जावई पाहुणाच, म्हणून मला वळशाने पाठवायच्या. नकाशावर बोटभर दिसतो हो तो. आणि त्या रोज जायच्या, भरलेली कळशी घेऊन."