बाईंना जमतं, मग तुम्हाला का नाही?

लिफ्टची देखभाल करणाऱ्या त्या कंपनीत त्यांना सगळे तक्तेवाल्या बाई म्हणत. चाळीस मेकॅनिक, दोनशे इमारती. कुणी कधी कुठे जायचं याचा आठवड्याचा तक्ता सोळा वर्षं त्याच करत होत्या. लॅपटॉपवर डावीकडे तक्रारी, उजवीकडे तक्ता, आणि बोटं अशी चालायची, की शेजारी बसून फोनवरच्या तक्रारी टिपणारे काका म्हणायचे, "बाई, जरा हळू. माझी झोप मोडते."

मग नवे मॅनेजर आले. त्यांनी सगळ्यांचे लॅपटॉप जमा केले आणि हातात एकेक टॅबलेट ठेवला. "तीन महिने वापरून बघू. जमलं, की लॅपटॉप कायमचे बंद."

पहिल्याच आठवड्यात बाईंच्या नाकी नऊ आले. तक्ता उघडला की तक्रारी झाकल्या जायच्या. बोट जरा घसरलं की सोमवारचा माणूस गुरुवारी जाऊन बसायचा. एका इमारतीतली लिफ्ट बंद असून तीन दिवस कुणी फिरकलंच नाही, आणि सातव्या मजल्यावरची एक आजारी म्हातारी घरातच अडकून पडली. मॅनेजरने सगळ्यांदेखत झापलं. घरात कमावत्या बाई एकट्याच. "मला यावर जमत नाही" म्हणायची त्यांची छाती झाली नाही.

त्यांनी मुलीचा लॅपटॉप घेतला. मुलगी कॉलेजात इमारतींचे नकाशे काढायला शिकत होती. बाई रोज पहाटे उठून आदल्या दिवशीच्या तक्रारींप्रमाणे त्यावर तक्ता करायच्या आणि ऑफिसात येऊन तोच टॅबलेटवरून पाठवायच्या.

"आई, आज तरी दे गं. माझं ड्रॉइंग अर्धं राहिलंय."

"अर्धा तास, बाळा. फक्त अर्धा तास."

अर्ध्या तासाचे दोन तास व्हायचे. पुढे मुलीने मागणंच सोडलं. कॉलेजातून 'अपूर्ण' असा शेरा आला, त्या दिवशी ती भांडलीसुद्धा नाही. खोलीचं दार लावून बसली.

तीन महिने संपले. मॅनेजरने बाईंसाठी टाळ्या वाजवायला लावल्या. "पहिला आठवडा सोडला तर एक चूक नाही! बाईंना जमतं, मग तुम्हाला का नाही?" हे काकांकडे बघून होतं. टॅबलेटवर त्यांचे पत्ते रोज चुकत होते. चार दिवसांत त्यांची रवानगी गोदामात झाली.

बाईंना राहवेना. केबिनमध्ये जाऊन त्या म्हणाल्या, "साहेब, पहिला आठवडा सोडला तर एकही तक्ता मी टॅबलेटवर केलेला नाही. सगळे घरच्या लॅपटॉपवर केलेत."

"मग घरीच करत जा की. काम होतंय ना? फक्त बाहेर बोलू नका."

"आणि काका?"

"काकांचं काय? गोदामात निवांत आहेत ते."

बाई तशाच गोदामात गेल्या. काका खोक्यातले बोल्ट निवडत होते. बाईंनी सगळं सांगितलं. काकांनी हातातलं काम न थांबवता ऐकून घेतलं.

"तीन महिने मी तुमच्या शेजारी बसलो, बाई. बोटं भलतीकडेच पडत होती माझी, तुम्ही बघत होतात. तेव्हा एका शब्दानं बोलला असतात, तर माझी जागा वाचली असती असं नाही. पण आपणच तेवढे बिनकामाचे, असं मला वाटलं नसतं."

बाईंनी माफी मागायला तोंड उघडलं. काकांनी खोकं उचललं आणि ते रॅकच्या पलीकडे निघून गेले.